नवरा समुपदेशकाकडे यायला तयार नाही. एकटीने जाण्यात अर्थ आहे का?

खिडकीची_जागा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत.

आम्ही मुलुंडला राहतो. नवरा, मी, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. नवरा निर्व्यसनी, नोकरी नेटाने करणारा, मुलीचा अभ्यास घेणारा. हात उगारणं वगैरे प्रकार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्याच दिशेने जातील. प्रश्न अबोल्याचा आहे. काही बिनसलं की हा माणूस बंद होतो, आणि आठवडेच्या आठवडे बंद राहतो.

ताजं निमित्त असं. गणपतीच्या आधी गावच्या घराची कौलं बदलायची म्हणून त्याने एफडी मोडली आणि दिरांना पैसे पाठवले. पैसे द्यायला माझी ना नव्हती, घर सगळ्यांचंच आहे. पण आमच्या जॉइंट खात्यात रक्कम आली आणि तासाभरात गेलीसुद्धा, हे मला लोकलमध्ये उभ्या उभ्या बँकेच्या मेसेजवरून कळलं. घरी येऊन विचारलं तर म्हणे, "यात विचारण्यासारखं काय आहे?" झालं. तेव्हापासून "आईला सांग, उद्या डबा नको" हे मुलीमार्फत. हल्ली तर मुलगी सांगायची वाट न बघता दोन्हीकडचे निरोप पोचवते, "बाबा चिडलेत, आत्ता नको विचारू" इतक्या सराईतपणे. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

मी म्हटलं, कुणाकडे तरी जाऊन बोलू. "वेड मला लागलंय की तुला?" हे पहिलं उत्तर. "घरातलं घरात ठेव" हे दुसरं. तिसरं मिळालंच नाही.

तर प्रश्न: एकटीने गेलं तर तिथे नेमकं करतात काय? त्याला सांगून जावं की न सांगता? फी साधारण किती? "सोडून दे" आणि "जुळवून घे" हे दोन्ही सल्ले माहेरून मिळून झालेत, कृपया ते नकोत.

तिरकस

भांडण दोघांचं आणि उपाय एकटीवर? एकाच पायात चप्पल घालून शिवाजी पार्कला फेऱ्या मारण्यातला प्रकार आहे हा. पंधराशे रुपये देऊन नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची, समोरच्या बाई "हं, हं" करणार, तास संपला. मैत्रिणीला वडापाव खाऊ घातलात तर तीही ऐकेल.

सांजवेळ

तिरकस, मैत्रीण ऐकते आणि आपलीच बाजू घेते, तिथेच तर घोळ होतो.

खिडकीताई, मी एकटी जायचे, म्हणून लिहिते. माझा नवरा अबोला धरणारा नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाणारा आहे. पहिल्या भेटीला मी मोबाइलमध्ये यादी करून नेली होती, तारीखवार. बाईंनी ती सगळी ऐकून घेतली. मग विचारलं, "ते उठून गेले की पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता?" मी म्हटलं, मागोमाग जाते, विषय अर्धा कसा सोडायचा? "मग ते?" मग तो बाल्कनीत. "मग तुम्ही?" बाल्कनीच्या दारात. आमचं घर साडेचारशे स्क्वेअर फूट, त्यापुढे जायला जागाच नाही, त्यामुळे बाल्कनीतच स्फोट व्हायचा आणि शेजारच्या विंगेतले लोक खिडकीत यायचे.

त्याची चूक किती आणि माझी किती, हा हिशेब त्यांनी कधीच मांडला नाही. आमचं हे जे ठरलेलं चक्र होतं, त्यातली कुठली कडी माझ्या हातात आहे एवढंच आम्ही शोधत बसलो. मग एकच बदल केला. तो उठला की मी उठायचं नाही. वाक्यसुद्धा ठरवून दिलं होतं: "आत्ता नको, जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं बोलू." आणि जेवण झाल्यावर खरंच बोलायचं, पंधरा मिनिटांनी थांबायचं. थांबणं महाकठीण, हे आधीच सांगते.

नवऱ्याचा स्वभाव बदलला का? नाही. सुरुवातीला तर तो जास्तच चिडला, "हे काय नवीन नाटक" म्हणून. बऱ्याच महिन्यांनी एकदा भाजी निवडताना त्याने विचारलं, "तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?" मी सांगितलं. "आणि त्या काय म्हणतात?" म्हटलं, त्या तुझ्याबद्दल काही म्हणतच नाहीत, मलाच विचारत बसतात. यावर त्याला काय बोलावं ते सुचलं नाही. तो आजही येत नाही. पण बाल्कनीतले प्रयोग बंद आहेत.

रोखठोक

म्हणजे पुन्हा बाईनेच शिकायचं, बाईनेच वाक्यं पाठ करायची, बाईनेच फी भरायची. तो बाल्कनीत उभा राहून वारा खाणार. आणि याला आपण प्रगती म्हणायची!

ऐकणारी

मी या क्षेत्रात काम करते. रोखठोक यांची तक्रार रास्त आहे, तिच्यावरून पुढे येतेच.

आधी एक स्पष्ट करते. एकट्याने येणं हे विवाह समुपदेशनाचं अर्धं माप नव्हे, ते काम मुळातच निराळं असतं. दोघं आले की आमच्या समोर त्यांचं नातं बसलेलं असतं. एक आला की तो माणूस. गैरहजर जोडीदाराबद्दल आम्ही निदान करू शकत नाही आणि करूही नये. दुसऱ्याच भेटीत कुणी "तुमचा नवरा नार्सिसिस्ट (म्हणजे टोकाचा आत्मकेंद्री) आहे" असं सांगून मोकळं झालं, तर फी द्या आणि पुन्हा जाऊ नका. एकाचंच ऐकून दुसऱ्याचं चित्र काढायचं, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका. त्यातून मोडायची नसलेली लग्नंही मोडायच्या वाटेला लागतात. चांगला समुपदेशक अधूनमधून विचारतो, "ते आत्ता या खुर्चीत असते तर हाच प्रसंग कसा सांगितला असता?" हा प्रश्न कधीच आला नाही तर सावध व्हा.

एकाबरोबर काम करून फरक पडतो का? मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबाकडे एक जोडलेली व्यवस्था म्हणून पाहिलं. त्याच्या पद्धतीत घरातल्या एकाच तयार माणसाबरोबर काम करणं मुळीच कमी प्रतीचं समजत नाहीत. एकाने आपली ठरलेली चाल बदलली की बाकीच्यांना जुनी चाल चालता येत नाही. पण पहिली प्रतिक्रिया असते त्याला परत जुन्या जागी ओढायची. सांजवेळ यांच्या नवऱ्याचं "नवीन नाटक" ते हेच. या टप्प्यावर बरेच जण सोडून देतात.

अबोल्याबद्दल. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत नोंदवली, हृदयाचे ठोकेसुद्धा मोजले. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही. काही जण तेव्हा भिंतीसारखे गप्प होतात. शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात, म्हणून मध्ये थांबणं योग्यच. पण वीस मिनिटं वेगळी आणि गणपतीपासूनचा अबोला वेगळा. पहिला दम घेणं असतो, दुसऱ्यात शिक्षा मिसळलेली असू शकते. तुमच्याकडे कुठला आहे, हे शोधण्यातच पहिल्या काही भेटी जातील.

आता रोखठोक. ओझं एकाच बाजूला पडतं, हे खरंच. म्हणून एकट्याने येणाऱ्या व्यक्तीबरोबर हेही ठरवावं लागतं की मी किती करणार आणि कुठे थांबणार. "मी बदलले की तो बदलेल" या आशेवर वर्षानुवर्षं बसवून ठेवणारं समुपदेशन वाईटच.

आणि एक. घरात मारहाण किंवा धाक असेल तर जोडीने बसवणं धोक्याचं असतं. तिथे बोललेल्याचा वचपा घरी निघतो. अशा वेळी एकटीनेच जाणं बरोबर. धागाकर्तीने तसं नाही म्हटलंय, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल म्हणून लिहिलं.

तिरकस

चप्पल मागे घेतो. वडापाववर मात्र ठाम आहे.

अर्धा_कप

मी तो न येणारा नवरा. म्हणजे खिडकीताईंचा नव्हे, दुसऱ्या एका बाईंचा. :)

आमच्या डोक्यात काय चालतं ते लिहितो, पटलं तर घ्या. बायको "समुपदेशन" म्हणाली तेव्हा मला एकच जागा आठवली, बीकेसीचं फॅमिली कोर्ट. ऑफिसातला एक मित्र तिथे तारखांना जायचा. मला वाटलं, ही फाईल तयार करतेय. दुसरी भीती अशी की समुपदेशक बाई, बायकोही बाई, मी तिथे बसणार म्हणजे वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. आणि तिसरं म्हणजे मला बोलायचं काय हेच माहीत नव्हतं. आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात "मला वाईट वाटलं" हे तीन शब्द एकत्र उच्चारलेले नाहीत. मला "कसं वाटतं?" विचारलं की मी "बरं" म्हणतो, तो विषय हवामानाचा असो की लग्नाचा.

बायको एकटी जाऊ लागली. तिने एकदाही "चल ना" म्हटलं नाही, हे तिचं शहाणपण. एका रविवारी फक्त एवढं म्हणाली, "तिथे तुझी बाजू मीच सांगते, ती बरोबर सांगते की नाही मला माहीत नाही." आता माझी बाजू ही सांगणार म्हटल्यावर कुठला नवरा घरी बसेल? गेलो, नीट सांगून आलो. पुढे नियमित गेलो असं मुळीच नाही. पण फाईल तयार होत नाहीये एवढं कळलं, आणि त्याने बराच फरक पडला.

पायरी

वकिली करते, म्हणून फाईलचा मुद्दा घेते, कारण ही भीती फार जणांना असते.

खासगी समुपदेशन आणि कोर्टातलं समुपदेशन यांचा आपसात काही संबंध नाही. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे, म्हणून कोर्टात विवाह समुपदेशक असतात. पण तिथे जायला आधी केस दाखल व्हावी लागते. तुम्ही ठाण्या-दादरला कुणाकडे बसून बोललात म्हणून कुठे नोंद होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचं कलम आहे. अपवाद असतात, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका दिसला किंवा कोर्टाने माहिती मागितली तर. हे अपवाद पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

ज्यांच्या घरी हिंसा आहे त्यांच्यासाठी: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक आणि आर्थिक छळही येतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे मॅजिस्ट्रेट दोघांना एकत्र किंवा एकेकट्याला समुपदेशनाला पाठवू शकतात. म्हणजे "एकट्याचं समुपदेशन" कायद्यालाही परकं नाही. बायकांना मोफत विधी सहाय्य मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्तीला मात्र आज वकील लागत नाही. समुपदेशनात ऐकलेलं घरी शस्त्रासारखं वापरू नका एवढंच सांगेन. "माझ्या काउन्सेलर म्हणतात की तू" अशी सुरुवात केलीत की तो माणूस जन्मात तिकडे फिरकणार नाही.

चाळीतली_आजी

आमच्या वेळी समुपदेशक नव्हते असं कोण म्हणतं? गिरगावात मजल्यावर तीन होत्या, फी एक वाटी आमटी. सल्ला मात्र तिघींचा एकच, "पुरुषाची जात, शांत होईल, तू गप्प बस."

आमचे हे बोलणं टाकायचे तेव्हा मुलाच्या पाटीवर निरोप लिहून ठेवत. "रॉकेल संपले." "उद्या दादा येणार." अक्षर अगदी मोत्यासारखं. मीही खाली उत्तर लिहायची. एकदा मुलगा गृहपाठ पुसला गेला म्हणून शाळेत मार खाऊन आला, तेव्हा पाटी बंद झाली. अबोला नाही बंद झाला. खिडकीच्या जागेवरच्या बाळा, लेकीला निरोप्या होऊ देऊ नकोस. बाकी काही बदलो न बदलो, ते तुझ्या हातात आहे. "बाबांनाच सांगू दे" म्हण आणि उत्तर देऊ नकोस. डबा एक दिवस वाया जाईल, जाऊ दे.

स्लो_लोकल

इथे उलटी केस. मी पुरुष, कांदिवली, बायको यायला तयार नाही. तिचं म्हणणं, "आधी तुझ्या आईला घेऊन जा, मग मी येते." विनोद नाही, खरंच असं म्हणाली. आणि तिचं अगदीच चुकतंय असंही नाही.

मी एकटा जातो. वेटिंग रूममध्ये बहुतेक बायका असतात. रिसेप्शनवरची मुलगी सुरुवातीला विचारायची, "मॅडम येतायत ना मागून?" आता विचारत नाही. माझ्यासोबत काम चाललंय ते आई आणि बायकोच्या मध्ये मी जो खांब होऊन उभा असतो त्यावर. कुणी काही म्हटलं की मी दुसरीकडे जाऊन "तिचं तसं म्हणणं नव्हतं" सांगायचो. आता ते बंद केलंय. दोघींना थेट बोलू देतो. पहिला महिना घरात बसणं अशक्य होतं. लोकांनी सल्ला दिला ऑनलाइन सेशन घे. पण घरात बोलू कुठे? खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचो, काचा वर, एसी बंद. वॉचमन दोनदा येऊन "साब, सब ठीक?" विचारून गेला. मग प्रत्यक्षच जायला लागलो.

खिडकीची_जागा

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

आजी, तुमची पाटी वाचून ट्रेनमध्ये हसू आलं आणि मग हसू गेलं. कालपासून मुलीला सांगितलंय. नवऱ्याचा डबा काल खरंच वाया गेला. आज सकाळी दार उघडून तो थेट मला म्हणाला, "डबा भरू नकोस." तेवढंच. मी "बरं" म्हटलं. याला बोलणं म्हणायचं का, माहीत नाही.

अर्धा_कप, फाईलची भीती त्याला असेल असं मनातही आलं नव्हतं. त्याच्या चुलत भावाचं कोर्टात चालू आहे सध्या.

ऐकणारी, एक शंका. मी आधी एकटी गेले आणि पुढे तो तयार झाला तर त्याच समुपदेशकाकडे दोघांनी जायचं का? आणि मुलुंडकडून जवळ, खिशाला झेपेल असं काय आहे?

ऐकणारी

चांगला प्रश्न, आणि तो पहिल्या फोनवरच विचारा. बरेच समुपदेशक जोडप्याच्या कामासाठी दुसऱ्याकडे पाठवतात. तुमच्याशी इतके दिवस बोलल्यावर नवऱ्याला ते समुपदेशक "तुझी माणसं" वाटणार, आणि ते स्वाभाविक आहे. काही जण आधी त्याला एक-दोनदा एकट्याला भेटून मग जोडीने बसवतात. दोन्ही चालतं, आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. समुपदेशक असतील तर मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी आणि जोडप्यांबरोबरच्या कामाचा अनुभव विचारा.

सांजवेळ

मुलुंडहून ठाणं एकच स्टेशन. तिथे आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, १९९० पासून. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत मनोविकार विभागाची ओपीडी असते, केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो, फक्त सकाळ मोडते आणि गर्दी असते. टिसची, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेची, आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा २०१२ पासून आहे. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ वर, मराठीतही बोलतात. खासगीत माझ्याकडून पंधराशे घ्यायचे, जास्त घेणारेही आहेत. कमी करा म्हटलं तर काही जण करतात, विचारायला हरकत नाही.

पायरी

यात भर. हिंसा असेल तर पोलिसांबरोबर चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टिसने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच पहिला सुरू केला होता. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात "दिलासा" केंद्र आहे. तिथे जायला केस करायचीच असते असं नाही.

निनावी_७

मूळ विषयाला थोडं सोडून. माझा नवरा पितो आणि "मला काही प्रॉब्लेम नाही" म्हणतो. मी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाते. ही पिणाऱ्याच्या घरच्यांची संघटना, अमेरिकेत १९५१ ला सुरू झालेली, मुंबईत मराठीतही मीटिंगा होतात. तिथे पिणारा येत नाही हेच गृहीत असतं. त्यामुळे "नवरा कुठाय?" असं कुणी विचारतच नाही. काय हलकं वाटतं म्हणून सांगू! त्याचं पिणं थांबलेलं नाही. मी त्याच्या ऑफिसात "बरं नाहीये" म्हणून फोन करणं थांबवलंय.

रोखठोक

निनावी_७, ते फोन थांबवलेत ना, तिथे मी टाळ्या वाजवल्या. माझं वरचं म्हणणं कायम आहे, पण हे त्यात बसतं.

खिडकीची_जागा

शनिवारची वेळ मिळाली. काल रात्री त्याला सांगितलं, अर्धा_कप यांच्या बायकोसारखं, आमंत्रण न देता. "मी शनिवारी एका समुपदेशकांकडे जातेय, माझ्यासाठी. वकील वगैरे काही नाही." तो बराच वेळ फोनमध्ये बघत राहिला. मग विचारलं, "किती घेतात?" आकडा सांगितला. "एवढे?" म्हणाला आणि मॅच लावली. सासूबाईंनी देवघरातून विचारलं, "कसले एवढे?" त्याने "काही नाही, क्लासचे" म्हणून सांगितलं. म्हणजे निदान आईपासून माझं लपवलं, असं धरू का?

एक शेवटचं. पहिल्या वेळी काही लिहून न्यावं का? सांजवेळ, तुमच्या यादीमुळे विचारते.

सांजवेळ

न्या, पण तक्रारींची यादी नको. शेवटचं भांडण निवडा, म्हणजे तुमचा तो मेसेजचा दिवस. घरात शिरल्यापासून कोण काय बोललं, कुठे उभं होतं, सासूबाई आणि मुलगी कुठे होत्या, कोण आधी गप्प झालं, तुम्ही त्यानंतर काय केलंत, हे क्रमाने अर्ध्या पानात. त्यावरच एक भेट निघते. आणि शनिवारी ठाण्याला जायचं तर मुलुंडहून दहा मिनिटं आधीची गाडी पकडा, नौपाड्यात रिक्षा मिळत नाही.

तिरकस

पण वडापाव मामलेदारच्या गल्लीत खा.

स्लो_लोकल

तिथे मिसळ मिळते हो, वडापाव नाही!